आरोपीच्या बाजूने कोण उभे राहणार?

व्याख्यान संपत आले की व्यासपीठाकडे चिठ्ठ्या येऊ लागतात. वसंत व्याख्यानमालेची ही जुनी रीत. या विषयावर आम्ही जेथे जेथे बोललो तेथे तेथे एक चिठ्ठी ठरलेली असते. तिच्यावर सही नसते. मजकूर मात्र एकच असतो : 'गुन्हेगाराला सोडविण्यात तुम्हां वकील मंडळींना कसला पुरुषार्थ वाटतो?' श्रोत्यांत थोडा हशा पिकतो, अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात, आणि आम्ही काहीतरी ठोकळेबाज उत्तर देऊन खाली बसतो. आज त्या चिठ्ठीला सावकाश उत्तर द्यावे असे योजिले आहे.

प्रथम एक कबुली देऊन टाकतो. ज्यांच्या बाजूने आम्ही उभे राहतो त्यांतील काहींनी गुन्हा केलेला असतो. ते आम्हांलाही ठाऊक असते, आणि कित्येकदा न्यायाधीशांनाही कळून चुकलेले असते. वकिलाचे काम हा गुन्हा पुसून टाकण्याचे नव्हे. सरकारने पुरावा पुरता आणला आहे किंवा नाही, हे तपासून पाहण्याचे ते काम आहे. भारतीय वकील परिषदेच्या नियमांत ही गोष्ट स्पष्ट लिहून ठेविली आहे. आरोपी दोषी आहे की निर्दोष याविषयी स्वतःचे मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव करावा. कारण पुरेशा पुराव्यावाचून कोणालाही दोषी ठरवू नये असे सांगणाऱ्या कायद्याशी त्याची निष्ठा असते. आमच्या धंद्याचा हा कणा आहे. तो मोडला तर बाकी उरते ती केवळ दलाली.

आता आपल्या गावाकडे पाहू. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. पाठोपाठ चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथे कारखान्यांच्या रांगा लागल्या, आणि पुढे हा पसारा तळवडे, निघोजे, महाळुंगे, चाकण असा खेड तालुक्यात शिरला. या पट्ट्यात माणूस येतो तो लातूर-बीडहून, यवतमाळ-बुलढाण्याहून, तसाच बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून. दहा बाय दहाच्या खोलीत चौघे-सहाजण राहतात, ठेकेदाराच्या हाताखाली पाळ्या करतात, आणि त्यांच्या नावाचा कागद म्हणाल तर गावाकडचा. अशा माणसाला एखाद्या रात्री पोलीस घेऊन गेले तर त्याच्यासाठी धावणारा कोण? खोलीतले सोबती घाबरून दुसरीकडे निजायला जातात. ठेकेदार फोन उचलत नाही. आई-बाप हजार मैलांवर.

१५ ऑगस्ट २०१८ पासून या भागाला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले. त्यापूर्वी पिंपरी-चिंचवड पुणे शहराच्या आणि चाकण ग्रामीणच्या हद्दीत होते. न्यायालये मात्र तीन दिशांना आहेत. शहरातील आरोपी पिंपरीच्या न्यायालयात जातो, चाकणचा राजगुरुनगरला आणि तळेगावचा वडगाव मावळला. तिघांनाही कोठडी मिळाली की मुक्काम बहुधा येरवड्याला. नवख्या माणसाला हा भूगोल कळेपर्यंतच निम्मी लढाई हरलेली असते.

राजगुरुनगरचे नाव निघाले म्हणून एक आठवण सांगण्याचा मोह होतो. हे गाव म्हणजे पूर्वीचे खेड. १९०८ साली येथे जन्मलेल्या शिवराम हरी राजगुरूंच्या नावाने ते आज ओळखले जाते. लाहोर कटाचा खटला चालविण्यासाठी १९३० च्या मे महिन्यात सरकारने खास वटहुकूम काढला, तीन न्यायाधीशांचे न्यायासन नेमले, आरोपी गैरहजर असतानाही काम चालविण्याची मुभा त्याला दिली आणि उच्च न्यायालयाकडे अपील करण्याची वाट बंद करून टाकली. ऑक्टोबरात निकाल लागला, आणि २३ मार्च १९३१ ला भगतसिंग, सुखदेव व राजगुरू फासावर गेले. बचावाची दारे एकेक करून बंद केली की खटल्याचे नुसते सोंग उरते, हे खेडच्या माणसाला वेगळे शिकवायला नको.

त्याच्याही अर्धशतक आधीची गोष्ट पुण्याची. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला. सरकारविरुद्ध शस्त्र उचललेल्या माणसाचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे. अशा वेळी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, बचावासाठी उभे राहिले. खादीचा अंगरखा घालणारे आणि सार्वजनिक सभेची धुरा वाहणारे हे गृहस्थ अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने चालणारे होते; फडक्यांचा मार्ग तो नव्हता. तरीही ते उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप झाली, ती टळली नाही. एडनच्या तुरुंगात १८८३ साली ते वारले. परंतु खटला एकतर्फी झाला असे कोणाला म्हणता आले नाही. पुणे जिल्ह्यातील वकिलीला एवढा जुना वारसा आहे, हे आम्हां वकिलांनाही कित्येकदा आठवत नाही.

काका एकटे उभे राहिले, आणि ते थोरच झाले. परंतु रोज पकडल्या जाणाऱ्या शेकडो अनोळखी माणसांसाठी रोज एक सार्वजनिक काका कोठून आणायचा? म्हणून समिती लागते. समिती ही नीरस वस्तू आहे हे मान्य. तिच्यात टिपणे असतात, याद्या असतात, चहा असतो आणि बहुधा एक भांडखोर सभासद असतो. पण एका माणसाच्या शौर्याऐवजी दहा जणांच्या पाळ्या लावणे, हेच तर संस्थेचे काम.

मुंबई सरकारने १९४९ सालीच न्यायमूर्ती न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांच्या कायदेशीर मदतीविषयी एक समिती नेमली होती. गंमत अशी की या विषयाला पुढे खरे बळ दिले ते त्यांच्याच चिरंजीवांनी, न्यायमूर्ती प्र. न. भगवती यांनी. बापाच्या कलमाने सुरू झालेले काम मुलाच्या निकालपत्रांतून पुढे गेले, असे उदाहरण विरळाच. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने विनामूल्य कायदेशीर मदतीचे तत्त्व घटनेत आले. १९७८ साली होसकोट खटला झाला, तो महाराष्ट्रातलाच. शिक्षा झालेल्या त्या कैद्याच्या हाती निकालाची प्रतच वेळेवर पडली नव्हती आणि अपिलाला वर्षे लोटली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले, परंतु निकालाची प्रत फुकट व तत्काळ मिळणे आणि गरिबाला अपिलासाठी वकील मिळणे हा कैद्याचा हक्क आहे, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठरवून दिले. १९८३ साली मुंबईच्या स्त्री कैद्यांविषयी पत्रकार शीला बर्से यांनी केलेल्या अर्जावर आदेश निघाला, की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे. आणि १९८६ साली सुक दास खटल्यात अधिकच मोलाची गोष्ट ठरली : आरोपीने वकील मागितला नाही, या सबबीवर वकिलावाचून चालविलेला खटला टिकत नाही. ज्याला हक्कच ठाऊक नाही तो मागेल कसा?

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात विनामूल्य वकील कोणाकोणाला मिळतो याची यादी आहे. कोठडीतला माणूस, स्त्रिया व मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग इत्यादी मंडळी त्यात आहेतच. परंतु त्याच यादीत एक शब्द असा आहे की भोसरी-चाकणच्या प्रत्येक गेटवर तो रंगवून ठेवावा असे आम्हांला वाटते : 'औद्योगिक कामगार'. कामगाराला केवळ कामगार म्हणून हा हक्क आहे. कंपनीत वीस वर्षे काढलेल्या माणसालाही हे माहीत नसते, असा आमचा नेहमीचा अनुभव.

हे काम चालते दोन ठिकाणी. एक म्हणजे सरकारी यंत्रणा. जिल्ह्याला जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आणि तालुक्याला तेथील ज्येष्ठ न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. पूर्वी सारे काम नामिकेवरील वकिलांवर सोपविलेले असे. २०२२ पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आली. तिच्यात मुख्य, उप आणि साहाय्यक अशा पायऱ्या असून मुख्य वकिलाला फौजदारी कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो आणि खाजगी वकिली करता येत नाही. दुसरी बाजू वकिलांच्या स्वतःच्या संघटनांची. आम्ही काही वर्षे अशाच एका लहानशा, बिननावाच्या समितीत काम केले. तिचे वैभव म्हणजे एक वही, एक कपाट आणि सुट्टीच्या दिवसांची पाळीपत्रके.

सुट्टीच्या दिवसांची का? तर अटक सुट्टी पाहून होत नाही. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे बंधनकारक आहे, म्हणून रविवारीही एक न्यायासन चालू असते. बाहेर शुकशुकाट असतो. कोठडीचा पहिला अर्ज पाच-सात मिनिटांत निकालात निघतो, आणि त्याच पाच-सात मिनिटांत खटल्याचे निम्मे भवितव्य ठरून जाते. त्या वेळी उभ्या असलेल्या वकिलाने विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. अटक नेमकी कधी झाली? अंगावर मार आहे का? कारणे लेखी दिली का, आणि ती याला समजणाऱ्या भाषेत आहेत का? हा शेवटचा प्रश्न आता आमच्या पट्ट्यात फार मोठा झाला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागतात. ताबडतोब देणे अशक्यच असेल तर तोंडी सांगून पुढे, कोठडीच्या सुनावणीआधी निदान दोन तास तरी ती हाती पडली पाहिजेत. ओडिशाच्या मुलाला मराठी टंकलिखित कागदावर अंगठा उठवायला लावणे, ही कारणे सांगण्याची रीत नव्हे.

आमच्या पाळीपत्रकाची फजितीही सांगून टाकतो. एका दिवाळीत पाळी ज्याची होती तो गावी गेला, बदली नाव लिहायचे राहिले, आणि वहीची जबाबदारी आमच्याकडे होती. त्या दिवशी एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा वकिलावाचून उभा राहिला. त्याला बोलता आले नाही. आम्हांला ते कळले तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून पत्रकावर प्रत्येक दिवसापुढे दोन नावे असतात.

परंतु समितीची खरी कसोटी पाळीपत्रकात नसते. ती लागते तेव्हा, जेव्हा गावात एखादा भयंकर गुन्हा घडतो, लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर येतात, आणि कोणीतरी सभासद उठून म्हणतो, 'ठराव करा, या नराधमाचे वकीलपत्र आपल्यापैकी कोणी घ्यायचे नाही.' टाळ्या पडतात. त्या क्षणी विरोधात हात वर करणे फार अवघड असते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आपल्यालाही मुली असतात. आपलाही संताप खोटा नसतो.

२००८ च्या नोव्हेंबरातील मुंबईवरच्या हल्ल्यानंतर तेथील दंडाधिकारी न्यायालयांतील वकिलांच्या एका संघटनेने असाच ठराव केला. पुढे न्यायालयाने नेमलेल्या एका वकील बाईंच्या घरावर जमावाने दगडफेक केली. त्याच खटल्यात पाकिस्तानी अतिरेक्याबरोबर दोन भारतीय माणसेही आरोपी होती. त्यांपैकी एकाचे वकील शाहिद आझमी यांचा ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्या कचेरीतच खून झाला. तीनच महिन्यांनी, मे २०१० मध्ये, निकाल लागला; ते दोघे भारतीय निर्दोष सुटले, आणि उच्च न्यायालयाने व सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेविली. अतिरेक्याची फाशीही कायम झाली. एकाच पिंजऱ्यात तिघे होते, आणि ज्याच्यावर पुरावा होता तो व ज्यांच्यावर नव्हता ते, हे वेगवेगळे काढता आले. बचाव करायला कोणीच उभे राहिले नसते तर ही निवड कोणी केली असती? दगड मारणाऱ्या जमावाने?

डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका प्रकरणात असले ठराव घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाविरुद्ध असून रद्दबातल आहेत असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. तरीही ते अधूनमधून होत असतात. एखाद्या वकिलाने वैयक्तिक कारणाने एखादे काम नाकारणे निराळे, आणि साऱ्या संघटनेने मिळून एका माणसाभोवती भिंत बांधणे निराळे.

संतापाच्या भरात कोणता प्रश्न विचारायचा राहून जातो, याचे पुण्यातलेच एक उदाहरण आहे. १९९४ साली पुण्यात एका कुटुंबातील सात जणांची निर्घृण हत्या झाली. आरोपींत राजस्थानातून कामासाठी आलेला एक मुलगा होता. कागदांत त्याचे वय वीसच्या आसपास धरले गेले, नाव 'नारायण' असे लिहिले गेले. १९९८ साली त्याला फाशीची शिक्षा झाली, २००० साली ती सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. पुढे गावच्या शाळेतील नोंद मिळाली; तीत नाव 'निरानाराम' आणि जन्मतारीख अशी की घटनेच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षे ठरते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले आणि त्याला सोडले. कायद्याप्रमाणे त्या वयाच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. हा अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत होता. गुन्ह्याची भीषणता यात तिळभरही कमी होत नाही. पण शाळेचा दाखला मागविण्यासाठी एक पत्र लिहायला पाहिजे होते, ते कोणी लिहिले नाही. आमच्या वहीत आता पहिला रकाना वयाचा असतो आणि दुसरा शाळेच्या गावाचा.

औद्योगिक वसाहतीत आणखी एक प्रकार घडतो, तो म्हणजे सरसकट अटक. हरियाणात मानेसर येथे १८ जुलै २०१२ रोजी मोटार कारखान्यात दंगल होऊन एक व्यवस्थापक मृत्यू पावला. सुमारे दीडशे कामगार खटल्यात ओढले गेले. मार्च २०१७ मध्ये निकाल लागला तेव्हा एकतीस दोषी ठरले. एकशेसतरा निर्दोष सुटले, आणि त्यांतील कित्येकांची वर्षे तुरुंगात गेली होती. आपल्याकडे ३० जुलै २०१८ रोजी चाकणमध्ये आंदोलन चिघळले, बसगाड्या जळल्या, तेव्हा घराघरांत तीच भीती होती : गर्दीत आपला पोरगा दिसला तर नसेल? अशा वेळी समितीने करायचे काम म्हणजे प्रत्येकाची निराळी पाटी मांडणे. हा कोणत्या पाळीला होता, हजेरीपत्रक काय सांगते, चित्रफितीत हा आहे की याच्यासारखा सदरा घातलेला दुसरा कोणी. गर्दीला शिक्षा देता येत नाही. द्यायची तर माणसाला द्यावी लागते, आणि त्यासाठी गर्दीतून माणूस वेगळा काढावा लागतो.

या कामात उणिवा पुष्कळ आहेत. नामिकेवरच्या वकिलाला मिळणारे मानधन तुटपुंजे असते, म्हणून काहीजण तारखेला येतच नाहीत. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील, अशी लोकांची समजूत आहे आणि ती दर वेळी खोटी नसते. आरोपीची आई मंगळसूत्र मोडून खाजगी वकील करते आणि दोन तारखांनंतर पैसे संपले की पुन्हा समितीकडे येते. तोवर साक्षीदाराची उलटतपासणी झालेली असते, ती पुन्हा मिळवायला खटपट करावी लागते. तक्रारी लेखी घ्याव्यात, वकील बदलून द्यावा, हे नियमांत आहे. अर्ज करणारे हात मात्र कमी.

शेवटचा विषय जामिनाचा, आणि तो तुम्हां श्रोत्यांशी थेट संबंधित आहे. १९७८ साली मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. त्याला जामीन मंजूर झाला होता. पण रक्कम दहा हजारांची ठेविली, आणि भावाची हमी दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारली. न्यायालयाने ते चूक ठरविले. जामीनदार आपल्याच जिल्ह्यातला हवा असा आग्रह धरला तर परगावच्या कामगाराने करावे काय? जानेवारी २०२३ मध्ये आणखी असे सांगितले गेले की, जामीन होऊनही कैदी सात दिवसांत सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. नव्या फौजदारी संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ भोगला असेल आणि दुसरे खटले नसतील तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. कागदावर सारे चांगले आहे. प्रत्यक्षात न्यायालयाच्या बाकावर बसून माणूस शोधावा लागतो, ज्याच्याकडे सात-बारा किंवा घरपट्टीची पावती आहे आणि जो एका अनोळखी मुलासाठी सही करील. असा माणूस मिळाला नाही म्हणजे दहा-पंधरा हजारांच्या जामिनापायी महिनेच्या महिने जातात, आणि तोवर गेटवरचे नाव कटलेले असते.

धंदेवाईक जामीनदार न्यायालयाच्या आवारात मिळतात. त्यांच्याविषयी न बोललेले बरे. परंतु आपल्या खोलीत दोन वर्षे राहिलेल्या, भाडे वेळेवर देणाऱ्या मुलाला ओळखणारा घरमालक याच गावात असतो, बहुधा या सभागृहातही असतो. त्याला भीती वाटते की मुलगा पळाला तर आपल्यालाच तुरुंगात टाकतील. केवळ मुलगा पळाला म्हणून तसे होत नाही. आरोपी गैरहजर राहिला तर जामीनदारावर येते ती मुचलक्यात लिहिलेल्या रकमेची जबाबदारी, आणि तीही आधी नोटीस देऊन, त्याचे म्हणणे ऐकून. न्यायालय ती कमीही करू शकते. मध्येच भरवसा उडाला तर अर्ज देऊन त्यातून मोकळे होता येते. १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची विचारपूस करता येते, आणि सहीपूर्वी कागद वाचून दाखविण्यास आमच्या समितीचा माणूस हजर असतो. त्यासाठी कपाटात निराळी वही ठेविली आहे. तिची पहिली दोन पाने भरली आहेत.